आय.ए.सी.आर.चा ई-प्रिंट संग्रह : तारीख मिळते, वाचक मिळतो, शिक्का मिळत नाही

सायबर सुरक्षा आणि उपयोजित क्रिप्टोग्राफी (माहिती गुप्त आणि सुरक्षित ठेवण्याचे शास्त्र) या विषयांत पीएच.डी. करण्याच्या विचारात असलेले विद्यार्थी दरवर्षी माझ्याकडे येतात आणि त्यांतल्या बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘मॅडम, पेपर कुठे छापायचा?’ असा असतो. पेपर कुठे वाचायचे, हा प्रश्न खरे तर त्याआधी यायला हवा, पण तो क्वचितच येतो. या दोन्ही प्रश्नांच्या उत्तरात ज्या एका सेवेचे नाव मी न चुकता घेते, ती म्हणजे इंटरनॅशनल असोसिएशन फॉर क्रिप्टोलॉजिक रिसर्च, म्हणजेच आय.ए.सी.आर., या संस्थेचा क्रिप्टोलॉजी ई-प्रिंट संग्रह, म्हणजे संशोधन-निबंध परीक्षणाची वाट न पाहता ऑनलाइन खुले ठेवणारे भांडार. मुंबईच्या उपनगरातल्या एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवत असताना आणि तिथूनच संशोधन करत असताना मी ही सेवा वाचक, लेखक आणि मार्गदर्शक अशा तिन्ही नात्यांनी वर्षानुवर्षे वापरत आले आहे. या विषयातली शैक्षणिक कारकीर्द उभी करताना ती नेमकी कुठे हात देते आणि कुठे देऊ शकत नाही, ते येथे सविस्तर मांडते.

आधी थोडी ओळख. आय.ए.सी.आर. ही संस्था १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला डेव्हिड चॉम यांच्या पुढाकाराने उभी राहिली. क्रिप्टो, युरोक्रिप्ट आणि एशियाक्रिप्ट या या क्षेत्रातल्या तीन प्रमुख परिषदा तीच भरवते. ई-प्रिंट संग्रह २००० साली सुरू झाला. त्याच्या आधी, १९९६ पासून, ओडेड गोल्डराइश आणि मिहिर बेल्लारे यांनी चालवलेली थिअरी ऑफ क्रिप्टोग्राफी लायब्ररी हेच काम लहान प्रमाणावर करत होती. लेखकाने आपल्या निबंधाची पीडीएफ चढवायची, संपादकांनी तो निबंध क्रिप्टोग्राफीच्या कक्षेत बसतो की नाही आणि शास्त्रीय निबंधाच्या किमान अपेक्षा पूर्ण करतो की नाही एवढेच पाहायचे, आणि मग त्याला वर्ष व अनुक्रमांक असा क्रमांक देऊन तो सर्वांसाठी खुला करायचा, अशी पद्धत आहे. वाचणाऱ्याला पैसे पडत नाहीत, निबंध देणाऱ्यालाही पडत नाहीत, आणि त्यासाठी संस्थेचे सभासद असण्याची अटही नाही.

‘पैसे पडत नाहीत’ हे वाक्य मुंबईत बसून वाचताना त्याचे वजन वेगळे भासते. पवईच्या आय.आय.टी.मधल्या किंवा कुलाब्याच्या टी.आय.एफ.आर.मधल्या संशोधकाला मोठ्या प्रकाशकांची नियतकालिके ग्रंथालयामार्फत मिळतात. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे, पण ती केंद्र आणि राज्य सरकारांच्या संस्थांसाठी आहे. या शहरातले अभियांत्रिकीचे कितीतरी विद्यार्थी ज्या खासगी महाविद्यालयांत शिकतात, ती या योजनेबाहेर राहतात. अशा महाविद्यालयाचे ग्रंथालय बहुधा मान्यतेसाठी लागणारी एक-दोन पॅकेजे घेते आणि त्यांत नेमके हवे ते परिषदेचे इतिवृत्त (तिथे मांडलेल्या निबंधांचा ग्रंथ) नसते. क्रिप्टोग्राफीपुरती ही अडचण ई-प्रिंटने जवळजवळ मिटवली आहे. या क्षेत्रातले लेखक आपला निबंध परिषदेत स्वीकारला जाण्याच्या आधी किंवा नंतर येथे ठेवतातच, आणि बहुतेक वेळा येथे असलेली आवृत्ती छापील आवृत्तीपेक्षा मोठी असते. क्रिप्टो किंवा युरोक्रिप्टच्या इतिवृत्तात निबंधाला साधारण ३० पानांची मर्यादा असते, त्यामुळे लांब सिद्धता, पुरवण्या आणि मापनांचे तक्ते ‘पूर्ण आवृत्ती’ म्हणून ई-प्रिंटवर जातात. एखाद्या प्रमेयाची सिद्धता पायरी पायरीने तपासायची असेल, तर विकत घेतलेल्या इतिवृत्तापेक्षा ही फुकटची आवृत्तीच हाताशी ठेवावी लागते.

सेवा प्रत्यक्षात कशी दिसते, हे सांगण्यासाठी २०२२/९७५ या क्रमांकाचे पान पाहू. ते बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठातल्या वाउटर कास्ट्रिक आणि थॉमस डेक्रू यांच्या निबंधाचे आहे. पानावर शीर्षक, लेखक आणि सारांश आहे, आणि बाजूला विषयाचा विभाग, कळीचे शब्द, संपर्कासाठी लेखक, नोंदीचा इतिहास, लहान केलेला पत्ता आणि परवाना आहे. खाली संदर्भसूचीत टाकण्यासाठी बिबटेकची तयार नोंद आहे. सजावट नाही, जाहिरात नाही, मधेच उघडणारी खिडकी नाही, आणि नेटवर्क अशक्त असतानाही पान झटकन उघडते. आता इतिहासाकडे वळावे. एस.आय.डी.एच. ही दोघांनी मिळून गुप्त किल्ली ठरवण्याची पद्धत २०११ मध्ये जाओ आणि दे फेओ यांनी मांडली. तिच्यावर आधारलेली साइक ही प्रणाली जुलै २०२२ मध्ये अमेरिकेच्या एन.आय.एस.टी. या मानक संस्थेने क्वांटमोत्तर (क्वांटम संगणकापुढेही टिकतील अशा) प्रणालींच्या चौथ्या फेरीसाठी निवडली होती. त्याच महिन्याच्या अखेरीस हा निबंध पुढे आला आणि त्याने ही पद्धत मोडली. पहिल्या आवृत्तीच्या शीर्षकातच ती प्राथमिक आवृत्ती असल्याचे लिहिले होते आणि साइकच्या ठरवून दिलेल्या संख्यांचा सर्वांत लहान संच एका प्रोसेसर-कोअरवर साधारण तासाभरात फुटतो, असे तीत म्हटले होते. नंतरच्या आवृत्तीत तोच वेळ दहा मिनिटांवर आला. जुन्या आवृत्त्या पुसल्या जात नाहीत, त्या मागे उपलब्ध राहतात, त्यामुळे अकरा वर्षे टिकलेली एक कल्पना कशी मोडली आणि ती मोडणाऱ्यांची स्वतःची समज त्या आठवड्यांत कशी पक्की होत गेली, हे विद्यार्थ्याला आवृत्त्या शेजारी ठेवून पाहता येते. त्यानंतर काही दिवसांतच माइनो आणि मार्टिंडेल यांचा २०२२/१०२६ आणि दामियाँ रोबेर यांचा २०२२/१०३८ हे निबंध आले आणि ही पद्धत ज्या गणिती वक्रापासून सुरू होते तो कोणताही असला तरी हल्ला चालतो, इथपर्यंत प्रकरण पोहोचले. हे तिन्ही निबंध परीक्षणातून जाऊन युरोक्रिप्टमध्ये आले ते २०२३ मध्ये. त्या ऑगस्टमध्ये मुंबईत बसलेला विद्यार्थी आणि लूव्हेनमध्ये बसलेला विद्यार्थी हे निबंध एकाच दिवशी वाचू शकत होते. या क्षेत्रात नव्याने पाय ठेवणाऱ्याला याहून मोलाची सवलत दुसरी नाही, असे माझे मत आहे.

नोंदीवरच्या तारखेचे महत्त्व नव्या संशोधकाला समजावून सांगावे लागते. क्रिप्टोग्राफीत अग्रक्रमाचा प्रश्न जुना आहे. ब्रिटनच्या जी.सी.एच.क्यू. या गुप्तसंस्थेतल्या क्लिफर्ड कॉक्स यांनी आर.एस.ए. या बहुप्रचलित कूटपद्धतीशी मिळतीजुळती पद्धत १९७३ मध्येच शोधली होती, पण ती १९९७ पर्यंत जगासमोर आली नाही, आणि तोवर पाठ्यपुस्तके, पेटंटे व पुरस्कार सारे रिव्हेस्ट, शामीर आणि एडलमन यांच्या १९७७ च्या कामाभोवती उभे राहिले होते. आजचा तरुण संशोधक कोणत्याही गुप्तसंस्थेत नसतो, पण त्याचा निबंध परीक्षकांच्या फेऱ्यांत दीड-दोन वर्षे अडकू शकतो, आणि तेवढ्यात तीच कल्पना दुसऱ्या कुणाला सुचू शकते. ई-प्रिंटवरची नोंद ही अशा वेळी सार्वजनिक साक्ष असते. आय.ए.सी.आर.च्या परिषदा, परीक्षण चालू असताना लेखकांची नावे झाकून ठेवतात, तरीही निबंध आधी ई-प्रिंटवर ठेवायला मुभा देतात. संस्था मोठी नाही, नाव प्रस्थापित नाही, परिषदेला जायला विमानाचे भाडे नाही, अशा माणसाला ही तारीखच पहिला आधार देते. चीनमधल्या शांडोंग विद्यापीठातल्या वांग शियाओयुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्ट २००४ मध्ये एम.डी.५ आणि इतर हॅश फलनांच्या (मजकुराचा ठराविक लांबीचा ठसा काढणाऱ्या पद्धतींच्या) टकरी, म्हणजे एकच ठसा देणारे दोन वेगळे मजकूर, प्रसिद्ध केल्या, त्याही येथेच, २००४/१९९ या क्रमांकाखाली, अवघ्या चार पानांच्या टिपणात. टकरी खऱ्या आहेत का, हे कुणालाही स्वतःच्या संगणकावर तपासता येत होते, त्यामुळे ते टिपण कुठून आले याला फारसा अर्थ उरला नाही.

उपयोजित क्रिप्टोग्राफीत या संग्रहाचा उपयोग कसा होतो, त्याचे एक उदाहरण आमच्या प्रयोगशाळेतले देते. ऑगस्ट २०२४ मध्ये एन.आय.एस.टी.ने फिप्स २०३ हे मानक प्रसिद्ध केले. त्यातली गुप्त किल्ली पोहोचवणारी एम.एल.-केम ही प्रणाली कायबर या नावाने आधीपासून ओळखली जात होती. तिच्या अनेक अंमलबजावण्यांत ३३२९ या संख्येने भागाकार केलेला होता, आणि भाज्य संख्या गुप्त माहितीवर अवलंबून होती. भागाकाराला लागणारा वेळ जर संख्येनुसार बदलत असेल, तर त्या वेळेतूनच गुपित गळते. कायबरस्लॅश या नावाने प्रसिद्ध झालेले हे काम ई-प्रिंटवर २०२४/१०४९ या क्रमांकाखाली आहे. माझ्या एका विद्यार्थ्याने तो निबंध वाचून लॅमिंग्टन रोडवरून कॉर्टेक्स-एम४ प्रोसेसरचा एक साधा बोर्ड आणला, कंपायलरला (कोडचे यंत्रसूचनांत रूपांतर करणाऱ्या प्रणालीला) कोड आटोपशीर ठेवण्याचा पर्याय दिला, आणि तयार झालेल्या असेंब्लीत, म्हणजे यंत्रसूचनांत, भागाकाराची सूचना खरोखरच उमटलेली शोधून काढली. वेग वाढवण्याचा पर्याय दिल्यावर तीच ओळ गुणाकार आणि सरकवण्याच्या सूचनांत बदलली आणि भागाकार नाहीसा झाला. या प्रोसेसरवर भागाकाराला संख्येनुसार २ ते १२ चक्रे लागतात, हे पुस्तकी वाक्य त्याने मापनाच्या तक्त्यात पाहिले. मूळ निबंधातला पूर्ण हल्ला उभा करणे हे पुढचे काम होते, पण सी भाषेतली एक निरुपद्रवी ओळ कंपायलरच्या एका पर्यायाने धोकादायक कशी होते, हे त्याला कळले, आणि त्याच्या प्रबंधाचा विषय तिथून ठरला. वर्गणीच्या भिंतीमागे असलेला निबंध आणि शेजारी ठेवून वाचता येणारा निबंध यांतला फरक संशोधनाच्या दृष्टीने केवढा असतो, ते मला या उदाहरणात दिसते.

आता या सेवेची दुसरी बाजू, जी नवख्याला न सांगितल्यास नुकसान होते. ई-प्रिंटवर निबंध असणे म्हणजे तो बरोबर असणे नव्हे. संपादक निबंधाचा दावा तपासत नाहीत आणि तपासल्याचे सांगतही नाहीत. २०२१ मध्ये क्लाउस श्नोर यांचा, ज्यांच्या नावाची डिजिटल सही-पद्धत प्रत्येक अभ्यासक्रमात असते, २०२१/२३२ हा निबंध आला आणि त्याच्या सारांशात आर.एस.ए. प्रणाली उद्ध्वस्त झाल्याचा दावा होता. लिओ दुका यांनी ती पद्धत प्रत्यक्ष चालवून पाहिली, तेव्हा दाव्याप्रमाणे काही घडत नसल्याचे दिसले. आर.एस.ए. आजही उभी आहे. त्याहून बोलके प्रकरण एप्रिल २०२४ चे आहे. यीलेई चेन यांनी २०२४/५५५ या निबंधात जाळीच्या रचनेवर आधारलेल्या कूटप्रश्नांसाठी बहुपदी वेळात (म्हणजे व्यवहार्य वेगाने) चालणारी, क्वांटम संगणकासाठीची रीत मांडली. नव्या मानकांची बहुतेक इमारत याच प्रश्नांच्या अवघडपणावर उभी असल्याने जगभरचे तज्ज्ञ आपापली कामे बाजूला ठेवून तो निबंध वाचू लागले. आठ दिवसांत होंगशुन वू आणि, स्वतंत्रपणे, थॉमस विडिक यांनी नवव्या पायरीतली चूक दाखवली. चेन यांनी त्याच पानावर आणि निबंधाच्या आरंभी स्पष्ट लिहिले की ही चूक दुरुस्त कशी करावी हे आपल्याला माहीत नाही, मुख्य दावा आता टिकत नाही, आणि उरलेल्या कल्पना इतरांच्या कामी येतील या आशेने निबंध तसाच ठेवत आहोत. ही टीप मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला वाचायला लावते. आपल्या विद्याशाखांत चूक मान्य करणारे लेखन मुद्दाम शोधावे लागते. येथे ते कायमच्या नोंदीत, लेखकाच्या स्वतःच्या शब्दांत आहे, आणि त्यामुळे त्या संशोधकाची प्रतिष्ठा तसूभरही कमी झालेली नाही.

मात्र लेखकाने स्वतः अशी टीप लिहिली नाही, तर पानावर काहीच उमटत नाही, आणि ही मला या सेवेतली सर्वांत मोठी उणीव वाटते. एखाद्या निबंधातली पद्धत पुढच्या वर्षी दुसऱ्या निबंधाने मोडली, तरी पहिल्याच्या पानावर त्याचा पत्ता नसतो. वाचकाने तो निबंध पुढे कुणी उद्धृत केला आहे हे गुगल स्कॉलरवर स्वतः शोधायचे असते. अनुभवी संशोधकाला ही सवय असते, पण एम.ई.च्या दुसऱ्या वर्षातला विद्यार्थी मोडलेल्या प्रणालीवर आपले वर्ष उभारून बसतो आणि ते मार्गदर्शकाच्या लक्षात उशिरा येते. संग्रहाचा विस्तारही आता वाचकाच्या आवाक्याबाहेर गेला आहे. सुरुवातीच्या वर्षात शंभराच्या आत असलेली संख्या २०२४ मध्ये दोन हजारांच्या वर गेली. विषयांचे विभाग आहेत, निबंधांच्या मजकुरात शोध घेता येतो, नव्या नोंदींची आर.एस.एस. सूचना मिळते, परंतु काय वाचावे आणि काय सोडावे हे सांगणारे तेथे कुणी नाही, आणि ते काम शेवटी मार्गदर्शकाकडेच राहते.

दुसरी तक्रार साधी पण रोजची आहे. निबंध फक्त पीडीएफमध्ये मिळतो. कल्याण किंवा विरारहून रोज येणारा विद्यार्थी लोकलमध्ये उभ्याने फोनवर वाचतो, आणि समीकरणांनी भरलेली ए-४ आकाराची पाने त्या पडद्यावर बोटांनी मोठी करून वाचणे हा छळ आहे. सारांशाचे पान फोनवर उत्तम दिसते, निबंध दिसत नाही. कॉर्नेल विद्यापीठात वाढलेल्या आर्काइव्ह या भावंड-सेवेने आता निबंधांची एच.टी.एम.एल. आवृत्ती द्यायला सुरुवात केली आहे, आणि तेवढ्यापुरती ती पुढे आहे. उलट, आर्काइव्हवर नव्या लेखकाला कुणा प्रस्थापित लेखकाची शिफारस लागू शकते. ई-प्रिंटवर तशी शिफारस लागत नाही, फक्त संपादकांची नजर निबंधावरून फिरते. जिच्या ओळखीत या क्षेत्रातले कुणीच नाही, अशा मुलीला मी ई-प्रिंटचाच मार्ग सुचवते, आणि शिवाय नेमके क्रिप्टोग्राफीचे वाचक तिथेच असतात.

निबंध देण्याची प्रक्रिया सुटसुटीत आहे, पण तिच्यात एक जागा काळजीची आहे. खाते लागते, सारांश साध्या मजकुरात वेगळा द्यावा लागतो, विभाग आणि कळीचे शब्द निवडावे लागतात, आणि क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यांपैकी एक ठरवावा लागतो. तो परवाना पुढे परत घेता येत नाही, म्हणून निबंध नंतर कोणत्या प्रकाशकाकडे जाणार आहे याचा विचार आधी करावा. संपादकांची मान्यता काही दिवसांत येते. निबंध मागे घेता येतो, पण त्याचा मागमूस पुसता येत नाही. हे लक्षात घेऊन सहलेखकांची लेखी संमती आधी घ्यावी, आणि पहिली आवृत्ती देण्यापूर्वी विषयातल्या निदान एका बाहेरच्या माणसाला ती वाचायला द्यावी, असा आमच्या गटाचा नियम आहे.

येथवर सेवेविषयी. आता ज्या कारकिर्दीसाठी ती वापरायची, तिच्याविषयी, कारण मुंबईतल्या प्राध्यापकाला खरी अडचण तिथे येते. क्रिप्टोग्राफी आणि संगणक-सुरक्षा या विषयांत मानाची जागा परिषदांना आहे. सैद्धांतिक बाजूला क्रिप्टो, युरोक्रिप्ट, एशियाक्रिप्ट आणि टी.सी.सी., तर उपयोजित बाजूला युझनिक्स सिक्युरिटी, सी.सी.एस., एन.डी.एस.एस. आणि आय.ई.ई.ई.ची सुरक्षा-परिषद. आपल्याकडची नियुक्ती आणि बढती मात्र नियतकालिकांच्या यादीभोवती फिरते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत नियतकालिकातल्या निबंधाला इम्पॅक्ट फॅक्टरनुसार (त्यातले निबंध सरासरी किती उद्धृत होतात या आकड्यानुसार) वाढीव गुण मिळतात, आणि परिषदेतल्या निबंधाला, मग ती परिषद कितीही कठीण असो, तशी वाढ मिळत नाही. आयोगाची मान्य नियतकालिकांची केअर यादी २०२५ मध्ये बंद झाली, पण यादी पाहून निबंध तोलण्याची सवय तिच्याबरोबर गेलेली नाही. २०२२ च्या पीएच.डी. नियमांनी प्रबंध सादर करण्याआधी निबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती काढून टाकली, आणि या निर्णयाचे मी मनापासून स्वागत केले. पैसे घेऊन आठवड्यात निबंध छापणाऱ्या नियतकालिकांकडे विद्यार्थ्यांना ढकलणारी एक मोठी कळ त्यामुळे गेली. नोकरीच्या मुलाखतीत मात्र तो प्रश्न तसाच विचारला जातो.

याहून सूक्ष्म आणि अधिक अन्यायकारक बाब लेखकांच्या क्रमाची आहे. क्रिप्टोग्राफीत निबंधावरची नावे आडनावांच्या वर्णानुक्रमाने लावण्याची पद्धत आहे, आणि कुणाचे योगदान किती हे त्या क्रमातून ठरत नाही. आयोगाची २०१८ ची नियमावली मात्र दोनपेक्षा अधिक लेखक असतील तर प्रथम, प्रमुख किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के आणि इतर प्रत्येकाला ३० टक्के गुण देते. रोमन लिपीत ज्याचे आडनाव व्ही किंवा वाय या अक्षराने सुरू होते, त्या विद्यार्थ्याने निबंधाचे सारे काम केले असले, तरी छाननीच्या तक्त्यात तो सहाय्यक ठरतो. एका छाननी समितीसमोर मी हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला, तेव्हा समितीने तिथे पुरावा मागितला आणि असा पुरावा कुठल्याच निबंधावर छापलेला नसतो. ई-प्रिंटच्या पानावर ‘संपर्कासाठी लेखक’ म्हणून दिलेले नाव तेव्हापासून आम्ही विचारपूर्वक ठरवतो आणि ज्या विद्यार्थ्याचे काम मुख्य आहे त्याचेच नाव तिथे देतो. हा उपाय अर्धवट आहे, पण समितीपुढे ठेवायला निदान एक सार्वजनिक कागद होतो.

ई-प्रिंटची नोंद स्वतः त्या तक्त्यात कुठेही बसत नाही, आणि त्यात सेवेचा दोष फार थोडा आहे. तिला आय.एस.एस.एन. (नियतकालिकाचा क्रमांक) नाही, स्कोपस या निबंध-सूचीत ती धरली जात नाही, आणि डी.ओ.आय. (निबंधाचा कायमचा डिजिटल ओळखक्रमांक) हाही मिळत नाही. यांतली शेवटची गोष्ट आय.ए.सी.आर.ने मनावर घ्यावी, असे मला वाटते. आपल्याकडच्या बहुतेक ऑनलाइन अर्जांत डी.ओ.आय.चा रकाना भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही, आणि चांगल्या कामाची नोंद केवळ त्या एका रकान्यापायी ‘इतर’ या सदरात ढकलली जाते. संगणकशास्त्रातली डी.बी.एल.पी. ही सूची ई-प्रिंटचे निबंध नोंदवते, त्यामुळे परदेशातल्या पोस्ट-डॉक अर्जांत ही अडचण येत नाही. तिथे निवड करणारा माणूस स्वतः क्रिप्टोग्राफर असतो आणि तो निबंध उघडून वाचतो.

आय.ए.सी.आर.ने २०२४ पासून कम्युनिकेशन्स इन क्रिप्टोलॉजी हे खुले, परीक्षित नियतकालिक सुरू केले आहे, आणि ई-प्रिंटबरोबर त्याचा विचार प्रत्येकाने करावा. तिथे लेखकाकडून पैसे घेतले जात नाहीत, निबंधाला डी.ओ.आय. मिळतो, आणि परदेशी जाण्याची गरज पडत नाही. सममित (दोन्ही बाजूंना एकच किल्ली असणाऱ्या) क्रिप्टोग्राफीसाठी २०१६ पासून आणि हार्डवेअर व अंमलबजावणीसाठी २०१८ पासून अशीच दोन खुली नियतकालिके परिषदांना जोडून चालतात. त्यांत स्वीकारलेला निबंध परिषदेतही मांडला जातो आणि नियतकालिक म्हणूनही मोजला जातो. आमच्यासारख्या महाविद्यालयांतल्या लोकांना हा मार्ग सर्वांत सोयीचा आहे. प्रत्यक्ष भेटीगाठींसाठी आपल्याकडे २००० पासून इंडोक्रिप्ट भरते, आणि २०२४ चे एशियाक्रिप्ट कोलकात्यात झाले. विद्यार्थ्यांना आगगाडीने नेता येईल अशी आंतरराष्ट्रीय परिषद वारंवार वाट्याला येत नाही. ई-प्रिंटवर वाचलेल्या निबंधाच्या लेखकाला चहाच्या वेळी गाठून प्रश्न विचारता येणे, हे या विषयातल्या शिक्षणाचे मोठे अंग आहे.

माझी शिफारस स्पष्ट आहे. क्रिप्टोग्राफीत गंभीरपणे काम करू पाहणाऱ्या प्रत्येकाने ही सेवा रोज उघडावी, नव्या नोंदींची शीर्षके नजरेखालून घालावीत, त्यांतला आठवड्याला एक निबंध पूर्ण वाचावा, आणि त्यातले निदान एक मापन किंवा एक सिद्धता स्वतः करून पाहावी. स्वतःचा निबंध येथे ठेवावा, पण तो परीक्षित परिषदेकडे किंवा नियतकालिकाकडे त्याच आठवड्यात पाठवावा. बायोडेटात ई-प्रिंटच्या नोंदी वेगळ्या शीर्षकाखाली, क्रमांक आणि तारखेसह लिहाव्यात. त्या प्रसिद्ध निबंधांत मिसळल्यास जाणकार परीक्षक लगेच खटकल्याचे नोंदवतो. आमच्या महाविद्यालयाच्या संशोधन समितीला मी यंदा लेखी सुचवले आहे की वार्षिक अहवालात परीक्षणापूर्वी खुल्या केलेल्या निबंधांसाठी (प्रीप्रिंटसाठी) स्वतंत्र रकाना ठेवावा आणि त्यासाठी गुण देऊ नयेत, फक्त नोंद घ्यावी. सूचना पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर आली आहे.